ठसा, मोटर आणि पेटंट: वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकातल्या लेखात मी ओघात लिहून गेले होते की माझी काही पेटंटं मोटर कंट्रोलमधली आहेत आणि काही बोटांच्या ठशांवरून ओळख पटवण्याच्या तंत्रातली. आलेली बहुतेक पत्रं त्या एका वाक्यावरच आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे.

"ताई, मोटर फिरवणं कुठे आणि माणूस ओळखणं कुठे! ही दोन टोकं एकाच माणसाच्या नावावर कशी आली?" (एक निवृत्त शिक्षक)

सर, पहिली सतरा वर्षं मी फक्त मोटरच्या ड्राइव्हवर, म्हणजे मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटवर, काम केलं. ठशांशी माझा काडीचा संबंध नव्हता. मग आमच्याकडे एका कुलपाचं काम आलं. दोन माणसांनी एकामागोमाग बोट ठेवलं तरच ते उघडायचं होतं. मला त्यात घेतलं ते कुलपाचा दांडा सरकवणाऱ्या अंगठ्याएवढ्या मोटरसाठी. दांडा शेवटाला टेकला की नाही हे कळायला तिथे स्विच बसवायला जागाच नव्हती, तेव्हा ते मोटरच्या करंटवरूनच ओळखायचं होतं. दांडा टेकला की मोटर अडते, आणि अडली की करंट उसळतो. पण थंडीत ग्रीस घट्ट झालं की करंट तसाही जास्तच असतो. आठवडाभर ऑसिलोस्कोपसमोर बसले तेव्हा फरक दिसला. ग्रीसमुळे करंट सुरुवातीपासून वर असतो आणि तिथेच राहतो. दांडा टेकतो तेव्हा मात्र तो काही मिलिसेकंदांत उभा चढतो. मग करंट किती आहे यापेक्षा तो किती झपाट्याने चढतो ते पाहायचं ठरवलं.

हे जमलं आणि दुसरंच दुखणं निघालं. पहिला ठसा पटला की मोटर दांडा अर्ध्यापर्यंत सरकवायची, आणि तेवढ्यात दुसरा माणूस बोट ठेवायचा. त्या दुसऱ्या ठशावर आडव्या पट्ट्या उमटायच्या. ठशांचं काम पाहणाऱ्या सहकाऱ्यांनी तीन वेळा सेन्सर बदलून पाहिला. मी त्या ठशाची मोठी प्रत छापून घेतली आणि फूटपट्टीने पट्ट्यांमधलं अंतर मोजलं. सगळीकडे सारखं. बिघडलेला सेन्सर इतक्या शिस्तीत बिघडत नाही. सेन्सरला एक ओळ वाचायला किती वेळ लागतो ते माहीत होतं. हिशेब केला तर आकडा थेट माझ्याच मोटरच्या पीडब्ल्यूएमवर येऊन बसला.

असं का होतं, तेही सांगते. मोटरचा वेग ठरवण्यासाठी तिचा व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद केला जातो. ते पीडब्ल्यूएम. इकडे ठशाच्या सेन्सरवर बोटाची रेघ टेकलेली असते आणि दोन रेघांमधली घळ किंचित वर असते. त्यामुळे दोन्ही जागी कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता; तिचं माप फॅरड) वेगवेगळा येतो, पण हा फरक फेमटोफॅरडमध्ये असतो. फॅरडचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेमटोफॅरड. एवढा बारीक फरक मोजत असताना शेजारी मोटरचा स्विच खटकन उघडला, की ती ओळ गेलीच. उपाय असा केला की दोन खटक्यांच्या मधल्या शांत वेळातच सेन्सरची ओळ वाचायची. पट्ट्या गेल्या. त्या दिवसापासून मी ठशांच्या कामात जी शिरले ती पुढची चौदा वर्षं.

त्या वर्षांत मला या दोन विषयांचं नातं अधिकच जवळचं वाटू लागलं. दोन्हीकडे जे हवं असतं ते थेट मोजता येत नाही. सेन्सर नसलेल्या मोटरमध्ये रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, या क्षणी कुठे आहे ते दिसत नाही. दिसतो तो फक्त करंट, आणि तोही गढूळ. त्यावरून रोटरची जागा ताडायची. वेग चांगला असेल तर मोटरच्या आत उलट निर्माण होणारा व्होल्टेज, बॅक ईएमएफ, वाट दाखवतो. वेग शून्याकडे गेला की तोही शून्याकडे जातो, आणि नेमक्या त्याच वेळी वाइंडिंगच्या (तांब्याच्या तारेच्या गुंडाळीच्या) रेझिस्टन्सचा अंदाज चुकलेला परवडत नाही. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. मोटर ६० अंशांनी तापली तर तो जवळजवळ पावपट वाढलेला असतो. गणित बरोबर आणि उत्तर चूक, असा अनुभव येतो तो इथेच. ठशांतही तसंच आहे: हवा आहे माणूस, आणि हाती येतं ते कोरड्या, ओल्या, तिरक्या बोटाचं एक चित्र.

"मग पेटंट कशावर मिळालं? ठशाने उघडणाऱ्या कुलपावर? ती तर कितीतरी जण बनवतात." (लहान उद्योग चालवणारे एक वाचक)

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. कुलपावर नाही मिळालं, मिळणारही नव्हतं. पेटंटचं नाव, सारांश, आकृत्या वाचून लोक समजतात की यावर या माणसाचा हक्क. हक्क असतो तो फक्त शेवटी क्रमांक घालून लिहिलेल्या दाव्यांवर. म्हणून कुठलंही पेटंट हाती आलं की मी आधी पहिला दावा उघडते आणि पेन्सिलने त्यातली एकेक अट सुटी करते. समोरच्याच्या यंत्रात त्या सगळ्या अटी असतील तर तो दाव्याच्या कक्षेत येतो. एखादी नसेल तर साधारणपणे बाहेर राहतो. म्हणजे दाव्यात जितक्या अटी कमी, तितकं कुंपण मोठं. आणि कुंपण जितकं मोठं, तितकी त्यात आधीपासून कोणाची तरी जमीन असण्याची शक्यता जास्त.

माझा पहिला मसुदा असाच ऐसपैस होता: स्विचिंगच्या शांत वेळात सेन्सर वाचणे. पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने प्रायर आर्ट, म्हणजे आधीच माहीत असलेलं तंत्र, म्हणून टचस्क्रीनचा दस्तऐवज समोर ठेवला. स्क्रीनच्या रिफ्रेशचा गोंगाट टाळण्यासाठी मधल्या वेळात स्पर्श वाचायचा, हे त्या लोकांनी आधीच केलेलं होतं. मला वाईट वाटलं, पण परीक्षकाचं म्हणणं खरं होतं. मग आम्ही पुन्हा बसलो आणि स्वतःला विचारलं, आपण त्यांच्यापेक्षा वेगळं नेमकं काय केलं? उत्तर सापडलं. आमच्याकडे एकाच टायमरवरून तीन कामं चालत होती: मोटरचे स्विच, मोटरच्या करंटचं मोजमाप आणि ठशाची ओळ वाचणं. आणि दांडा टेकल्याची खूण पटली की ठशाचं वाचन लगेच पूर्ण वेगाने सुरू व्हायचं. हे एकत्र कोणी केलं नव्हतं. दाव्याचं कुंपण लहान झालं, पण दावा टिकला.

मोठा दावा आणि 'कसं करायचं' यांतला फरक समजून घ्यायचा असेल तर डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवण्याचा इतिहास पाहा. लिओनार्ड फ्लॉम आणि अरन सफीर या दोन नेत्रतज्ज्ञांना १९८७ साली अमेरिकेत पेटंट मिळालं. बुबुळाच्या नक्षीवरून माणूस ओळखता येईल, ही कल्पनाच त्यांनी बांधून घेतली होती. पण ती नक्षी आकड्यांत कशी आणायची, याची चालणारी रीत त्यात नव्हती. ती दिली केंब्रिजच्या जॉन डॉगमन यांनी. त्यांचं पेटंट १९९४ चं. त्यांनी नक्षीचे २,०४८ बिट केले आणि दोन डोळ्यांचे किती बिट जुळत नाहीत ते मोजलं. दोन वेगळ्या डोळ्यांत साधारण निम्मे बिट वेगळे निघतात, जणू नाणं उडवल्यासारखे. त्याच डोळ्याच्या दोन चित्रांत फरक त्यापेक्षा खूपच कमी येतो. जुळ्या भावंडांची बुबुळंसुद्धा यात वेगळी पडतात, इतकंच काय, एकाच माणसाचा डावा आणि उजवा डोळाही. मला स्वतःला डॉगमन यांचं काम दोन्हींत मोठं वाटतं, पण कायद्याच्या नजरेत पहिलं पेटंटही खरंच होतं. २००५ च्या सुमारास त्याची मुदत संपेपर्यंत या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला ते ओलांडून जावं लागत होतं.

"मॅडम, व्हेक्टर कंट्रोलच्या धड्यात क्लार्क आणि पार्क अशी दोन ट्रान्सफॉर्म येतात. मी ती पाठ केली आहेत, पण ती कशासाठी आहेत ते कळलेलं नाही." (अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी)

पाठ केलीस यात काही वाईट नाही; मीही आधी पाठच केली होती. आता असा विचार कर. जुन्या डीसी मोटरमध्ये दोन करंट वेगळे असतात. एक चुंबकीय क्षेत्र तयार करतो, दुसरा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतो. एकाला हात न लावता दुसरा वाढवता येतो, म्हणून ती मोटर हुकमी चालते. इंडक्शन मोटरमध्ये, म्हणजे निकोला टेस्लांना १८८८ साली जिची पेटंटं मिळाली तिच्यात, हे दोन्ही करंट त्याच तीन वायरींमधून एकमेकांत मिसळून जातात. वर ते सतत फिरतही असतात.

क्लार्क ट्रान्सफॉर्म तीन फेजचे, म्हणजे त्या तीन वायरींमधल्या करंटचे, दोन अक्ष करतं. पार्क ट्रान्सफॉर्म तुला त्या फिरणाऱ्या क्षेत्राच्या पाठीवर बसवतं. तिथून पाहिलं की फिरणं थांबतं आणि दोन स्थिर आकडे उरतात: एक क्षेत्र घडवणारा, एक टॉर्क देणारा. झाली की नाही डीसी मोटर! ते आकडे तू नियंत्रित करायचेस आणि उलट्या वाटेने पुन्हा तीन फेजवर यायचं. हेच व्हेक्टर कंट्रोल. आजचे ड्राइव्ह ही सगळी ये-जा सेकंदाला दहा हजार वेळा किंवा त्याहून जास्त करतात.

रॉबर्ट पार्क यांचा लेख १९२९ चा आहे. व्हेक्टर कंट्रोलची रीत सीमेन्समध्ये फेलिक्स ब्लाश्के यांनी मांडली ती थेट १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि ती घाऊक वापरात आली ती मायक्रोप्रोसेसर पुरेसे वेगवान झाल्यावर. चाळीस वर्षं ते गणित होतं, आणि ते दर क्षणी करून दाखवणारं यंत्र नव्हतं.

आणि तुला हे मुद्दाम सांगायचं आहे, कारण मला माझ्या कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. ते क्लार्क म्हणजे एडिथ क्लार्क, एक स्त्री. १९१९ साली एमआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदव्युत्तर पदवी घेतल्यावरही त्यांना इंजिनिअर म्हणून काम मिळेना. १९२१ मध्ये त्यांनी ट्रान्समिशन लाइनची गणितं आलेखाने सोडवणाऱ्या गणकाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२५ मध्ये ते मिळालं. वर्गात सगळे 'क्लार्कने त्याचं ट्रान्सफॉर्म दिलं' असं म्हणतात. तू तसं म्हणू नकोस.

"मोटरला जोडला की वीज वाचवणारा डबा खरा की फसवा? त्याला म्हणे नासाचं पेटंट आहे." (वर्कशॉप चालवणारे एक वाचक)

पेटंट खरं आहे. नासाच्या मार्शल केंद्रातले इंजिनिअर फ्रँक नोला यांना ते १९७७ मध्ये मिळालं. इंडक्शन मोटरवर भार नसला तरी ती पूर्ण व्होल्टेज घेत राहते, आणि करंट व्होल्टेजच्या बराच मागे पडतो. नोलांचं सर्किट ही पिछाडी मोजतं आणि ती वाढलेली दिसली की व्होल्टेज कमी करतं. मोटर बराच वेळ रिकामी फिरत असेल, आणि त्यातही ती लहान सिंगल-फेज असेल, तर फायदा होतो. पूर्ण भारावर चालणाऱ्या मोटरला काहीही फायदा नाही. आणि नुसता कपॅसिटर भरलेला डबा असेल तर तो नोलांच्या सर्किटचा सोयराही नव्हे. तो पॉवर फॅक्टर (करंट व्होल्टेजच्या किती बरोबरीने चालतो त्याचं माप) सुधारेल, पण मोटर जेवढं काम करते तेवढी वीज घेणारच.

तुमच्याकडे पंखा किंवा पंप असेल आणि पूर्ण वेगाची गरज नसेल तर वेग कमी करणारा ड्राइव्ह बसवा. तिथे लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती साधारण ५१ टक्क्यांवर येते. हे मी डोळे मिटून सांगू शकते.

"माझं सर्किट आधी प्रदर्शनात दाखवून लोकांचा प्रतिसाद घ्यावा आणि मग अर्ज करावा का?"

नाही. आधी अर्ज, मग प्रदर्शन. एकदा जाहीर झालं की बहुतेक देशांत नावीन्य संपलं, मग ते तुम्ही स्वतः जाहीर केलं असलं तरी. अमेरिकेसारख्या काही देशांत एका वर्षाची सवलत आहे, पण तिच्या भरवशावर बाकीचे देश गमावू नका. पहिला अर्ज केल्यावर पेटंटांविषयीच्या पॅरिस कराराप्रमाणे (हवामानाचा तो वेगळा) इतर देशांत तीच तारीख धरून अर्ज करायला १२ महिने मिळतात. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं.

"आमच्या हजेरीच्या यंत्रावर मी बोट ठेवलं आणि दुसऱ्याच सहकाऱ्याचं नाव आलं. ठसे एकसारखे नसतात ना?"

नसतात. पण यंत्र ठसा बघत नाही, टेम्प्लेट बघतं: रेघ कुठे संपते, कुठे दुभंगते, कोणत्या दिशेने. १८९२ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी ज्या खुणांवर भर दिला त्याच या. त्यातल्या पुरेशा जुळल्या की यंत्र होकार देतं, आणि 'पुरेशा' म्हणजे किती हे कोणीतरी ठरवलेलं असतं.

कळीचा मुद्दा असा: तुम्ही आधी तुमचा क्रमांक दाबता, की नुसतं बोट ठेवता? क्रमांक दाबला तर एकाच टेम्प्लेटशी तुलना होते. नुसतं बोट ठेवलं तर सगळ्यांशी. एका तुलनेत चुकून होकार मिळण्याची शक्यता लाखात एक धरली आणि यादीत १०,००० माणसं असली, तर एकूण शक्यता जवळजवळ १० टक्क्यांवर जाते. यंत्र तेच, सेन्सर तोच. म्हणून क्रमांकाची सोय असेल तर ती चालू करायला सांगा.

एवढ्या मोठ्या यादीत शोधायचं कसं, हा प्रश्न संगणकाच्या आधीचाच आहे. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं जे कार्यालय सुरू झालं, तिथल्या वर्गीकरणात ठशांचे १,०२४ गट होते. ती पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्या गणितात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचा मोठा वाटा होता. हा प्रश्न आला म्हणून ती नावंही लिहिली. ती नेहमी लिहिली जावीत असं मला मनापासून वाटतं.

"पेटंटावर कंपनीचं नाव, मग संशोधकाला काय?"

मालक आणि संशोधक वेगळे असू शकतात. नोकरीत केलेल्या शोधाची मालकी बहुधा करारानेच कंपनीकडे जाते. पण संशोधक म्हणून नाव लावून घेण्याचा हक्क पॅरिस करारात स्वतंत्रपणे दिलेला आहे.

माझ्या एका कामाचं असं झालं की अर्ज गेला तेव्हा मी दीर्घ रजेवर होते. परत आले तेव्हा यादीत चार नावं होती, माझं नव्हतं. तिसरा दावा शब्दशः माझ्या टिपणातला होता. मी गप्प बसले, आणि त्याची खंत आजही आहे, कारण नाव वाढवण्यासाठी दुरुस्तीचा रीतसर अर्ज करता येतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही मसुदा मागून घ्या, एकेका दाव्यासमोर तो कोणाच्या डोक्यातून आला ते लिहा, आणि अर्ज जाण्याआधीच लेखी कळवा.

"माझ्या आईचा ठसा यंत्र घेतच नाही. आयुष्यभर हातांनी काम केलं तिने. आणि दुसरं, ठसा चोरीला गेला तर?"

आईंच्या बोटांच्या रेघा झिजल्या आहेत आणि वयाने त्वचाही कोरडी, कमी लवचीक होते. सेन्सरला रेघ आणि घळ यांतला फरकच मिळत नाही. मी चाचण्यांमध्ये अशी कितीतरी बोटं हातात धरली आहेत. प्रत्येक वेळी माणूस ओशाळून हात पुसतो आणि माफी मागतो, आणि मला तिथे यंत्राची लाज वाटते. करून पाहा: बोटाला थोडं पाणी किंवा क्रीम लावून दोन मिनिटं थांबा. तर्जनी आणि अंगठ्याऐवजी अनामिका नोंदवा, ती कमी झिजते. कमीत कमी तीन बोटं नोंदवा. नोंदणीच्या वेळी यंत्र जो दर्जाचा आकडा दाखवतं तो कमी असेल तर ती नोंद तशीच पुढे ढकलू देऊ नका. कच्ची नोंद रोज त्रास देते.

आता चोरीचं. पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. २००२ मध्ये योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठातल्या त्सुतोमु मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिलेटिनची बोटं करून तेव्हाच्या अनेक सेन्सरना फसवून दाखवलं. नुसत्या टेम्प्लेटवरून ठशाचं साधारण चित्र परत उभं करता येतं, हेही नंतर दाखवलं गेलं. तेव्हा यंत्र विकणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: टेम्प्लेट कुठे राहतं, यंत्रातल्या सुरक्षित चिपमध्ये की दूरच्या सर्व्हरवर? आणि जिवंत बोट ओळखण्याची चाचणी आहे का? आईंसाठी तिसरंही विचारा, ठसा पटला नाही तर दुसरी वाट काय? कार्ड, पिन, काहीही चालेल, पण ती वाट पहिल्याच दिवशी चालू करून घ्या.